तोंडाचं गाडगं



यंदा चैत्रात आमच्या घरी एका मडक्यावरून चार दिवस अबोला होता. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी, दोघींतच. आण्णा आणि हे मधल्या मध्ये गुपचूप भाकरी खाऊन रानात जात होते.

झालं असं. आमचं रान मलकापूरच्या पुढं, आंब्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. शाहूवाडीत ज्यांचं असं रान आहे त्यांना सांगायला नको, भात पोटरीला आलं की रात्री कोण येतं ते. गेल्या वर्षी डुकरांनी एका रात्रीत वीस गुंठे भात लोळवलं. कुणीतरी सल्ला दिला, तारेत करंट सोडा, एक पडलं की बाकीची फिरकत नाहीत. आण्णा एवढंच म्हणाले, "डुकरू पडंल, न्हाईतर कुणाचं पोर पडंल. तारंला काय कळतंय?" आणि घरी येऊन म्हणाले, पूर्वी आपल्या बांधावर तोंडाचं गाडगं असायचं.

तोंडाचं गाडगं म्हणजे बुजगावण्याचं डोकं. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधायच्या, त्यावर फाटका सदरा, आणि वर काजळीनं काळं झालेलं पालथं गाडगं. त्याला चुन्याचे दोन डोळे आणि दातांची एक रांग. नवीन घर बांधताना दृष्ट लागू नये म्हणून टांगतात ते मडकंही याचाच भाऊ. आता रानात प्लास्टिकच्या पिशव्या फडफडतात, कारण जुनं काळं गाडगं उरलंय कुणाच्या चुलीवर? आणि असलं तरी आमच्या पावसात चुना आठ दिवस टिकत नाही. दुसऱ्या आठवड्यात बुजगावणं आंधळं होतं.

म्हणून मी ठरवलं, तोंड रंगवायचंच नाही, मातीतच घडवायचं. नाक, डोळे, कान, दात सगळं मातीचं आणि भाजलेलं. तालुक्यात अजून गाडगी करणारं एक कुंभाराचं घर माहितीतलं होतं. तिथल्या काकींकडं जाऊन शिकायचं.

आक्का म्हणाल्या, "चुन्याची रेघ येगळी. नाक-डोळं घडवणार म्हंजे तू त्यात कोण तरी आणणार. आन् उद्या ते फुटलं म्हंजे?"

त्यांच्या मनात काय होतं ते मला लगेच कळलं, कारण लहानपणी ती गोष्ट आपण सगळ्यांनीच बस्तीत ऐकलेली असते. राजा यशोधराला वाईट स्वप्न पडतं. त्याची आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नाही, म्हणून शेवटी आईच्या समाधानासाठी पिठाचा कोंबडा करतो आणि तो बळी देतो. पिठाचाच, पण मनानं मारलेला. त्यापायी आई आणि मुलगा दोघांनाही पशुपक्ष्यांच्या जन्मांत फिरावं लागतं. सोमदेवसूरींनी याच कथेवर 'यशस्तिलकचंपू' रचलं, ते इसवी सन ९५९ मध्ये. आपल्या घरांत साखरेचे हत्ती-घोडे मुलांना खायला देत नाहीत, त्याचं मूळ हेच. रूप दिलं की आपण त्याला जीव मानलं, आणि मानलेल्या जिवाला मोडणं म्हणजे मोडणंच. आक्कांचा आक्षेप म्हणूनच मला उडवून लावता येईना. अबोला सुटेना, तेव्हा मी पुस्तकं काढली.

पहिलं सापडलं ते आपल्याच घरातलं. आचार्य जिनसेनांचं 'आदिपुराण' नवव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. त्यात भोगभूमी संपते, कल्पवृक्ष नाहीसे होतात आणि भुकेली माणसं शेवटचे कुलकर नाभिराय यांच्याकडं येतात. कुठली फळं खायची, कुठली टाळायची, हे ते सांगतातच. पण शिजवायचं कशात? तेव्हा नाभिराय हत्तीच्या गंडस्थळावर ओली माती थापून थाळीसारखी भांडी करून दाखवतात. श्वेतांबर परंपरेत हीच गोष्ट ऋषभदेवांची आहे. अग्नी नवा नवा दिसलेला, लोक त्यात धान्य टाकतात आणि अग्नी सगळं खाऊन टाकतो. मग हत्तीवर बसलेले ऋषभदेव ओल्या मातीचा गोळा मागवतात, हत्तीच्या माथ्यावर थापून पहिलं भांडं घडवतात आणि सांगतात, यात शिजवा. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ती सविस्तर सांगितली आहे. संस्कृतात हत्तीच्या माथ्याचा उंचवटाही कुंभ आणि घागरही कुंभ.

मी हे जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिलं मडकं चाकावर नाही, एका डोक्यावर घडलं. आक्का काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्याबरोबर काकींसाठीही चार भाकऱ्या जास्त निघाल्या.

काकींच्या अंगणात चाक आहे. त्यांच्या मालकांचं. काकी त्याला हात लावत नाहीत, त्यांच्या सासूनं लावला नव्हता. बाईनं चाकाला बसायचं नाही ही रीत जवळजवळ सगळ्या देशात आहे. मला आधी राग आला. मग पंधरा दिवसांत लक्षात आलं की चाकाशिवाय जे जे होतं ते सगळं या बाईच्या हातात आहे. चुली, शेगड्या, मोठ्या तोंडाचे रांजण, बेंदराचे बैल, नागपंचमीचे नाग. माती मळणं, वाळवणं, रंगवणं, भट्टी रचणं तर तिचंच. चाकाचं काम तासाभराचं आणि बाकीचं आठवड्याचं, पण नाव मात्र चाकाचं. (स्वयंपाकघरातही असंच असतं, पण ते पुन्हा कधीतरी.)

आणि हातानं घडवणं जुनं किती, तर आपल्या महाराष्ट्रात त्याचा एक पुरावा असा आहे की तो वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. साधारण ३००० वर्षांपूर्वी तिथली माणसं मेलेल्या तान्ह्या बाळांना दोन मडक्यांत ठेवायची, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावायची आणि घराच्या जमिनीखालीच पुरायची. आईच्या पायाखाली, घरातच. आणि एका मोठ्या माणसाला त्यांनी ज्यात बसवलं होतं तो रांजण चार पायांचा आहे, हातानं घडवलेला, आणि एका बाजूनं पोटासारखा फुगवलेला. त्याला नाक-डोळे नाहीत. पण तो रांजण म्हणजे शरीर आहे हे कुणी सांगावं लागत नाही. तिथंच मातीच्या एका पेटीत डोकं नसलेली बाईची छोटी मूर्ती मिळाली. पुढं सातवाहन काळातल्या आणि नंतरच्याही लज्जागौरीला डोकं नसतं, पोट मात्र घटासारखं. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त या घटाच्या आणि मातृदेवीच्या नात्याचा माग काढला आहे. आपल्या मातीनं मडक्याला पोट म्हटलं, कूस म्हटलं, पण तोंड देताना ती बहुधा थबकली. गौरीच्या सणात काही घरी मातीच्या उतरंडीवर मुखवटा ठेवतात, तो वेगळा घडवतात, वर ठेवतात आणि सण झाला की उतरवून ठेवतात. मडकं पुन्हा मडकं. बुजगावण्याचं तोंडही रंगवलेलंच, एका पावसात जाणारं. आक्का जे म्हणत होत्या ते त्यांच्या एकटीचं नव्हतं.

मग घडवलेलं तोंड कुठं आहे? जर्मनीत कोलोनच्या आसपास सोळाव्या-सतराव्या शतकात दाढीवाल्या माणसाचं तोंड असलेल्या सुरया निघत. त्यांतल्या काही इंग्लंडातल्या लोकांनी सुया, केस घालून उंबऱ्याखाली, चुलीखाली पुरल्या, करणी उलटावी म्हणून. आपल्या टांगलेल्या मडक्यासारखंच की!

पण मला धरून ठेवलं ते अमेरिकेतल्या एजफिल्डनं. साउथ कॅरोलिना राज्यातला हा भाग. तिथं एकोणिसाव्या शतकात दगडासारख्या टणक भांड्यांच्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि काम करणारे बहुतेक गुलाम होते. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती. तरीही १८५८ साली 'वाँडरर' नावाचं जहाज चोरून ४०० च्या आसपास माणसं जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उतरवून गेलं. त्यांतली शंभराहून जास्त एजफिल्डच्या भागात आली. एका भट्टीमालकानं पुढं सांगितलं की १८६२ च्या सुमाराला त्याच्याकडचे गुलाम फावल्या वेळात स्वतःसाठी विचित्र तोंडांची भांडी करत. त्याला ती विचित्र वाटली. हंडीएवढी किंवा तांब्याएवढी लहान भांडी, तपकिरी-हिरवट झिलईची, त्यावर मातीचं नाक, ओठ, भुवया, आणि डोळे-दात मात्र पांढऱ्याशुभ्र केओलिनचे. दोन वेगळ्या माती एकाच आगीत टिकवणं किती अवघड, हे आता मला कळतं. विद्वान त्यांचं नातं काँगोकडच्या शक्तिवस्तूंशी जोडतात, तिथंही पांढऱ्या मातीला मृतांच्या जगाशी संबंध असलेला अर्थ आहे. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं या भांड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

त्याच एजफिल्डला डेव्ह नावाचा कुंभार होता. गुलामांना लिहायला शिकवणं १८३४ च्या कायद्यानं गुन्हा ठरलेलं, आणि हा आपल्या मोठमोठ्या रांजणांवर ओल्या मातीत नाव, तारीख, कधी दोन ओळींची कविता कोरायचा. त्याचं नाव उरलं. तोंडाची भांडी करणाऱ्यांची नावं राहिली नाहीत, तोंडं राहिली. ज्या माणसांना मालकाच्या वहीत वस्तू म्हणून लिहिलं जात होतं, त्यांनी वस्तूला तोंड दिलं. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "त्यांची माणसं तिकडंच राहिली असतील गं. त्यांचीच तोंडं काढली असतील."

कुठल्याच पुस्तकात मी हे वाचलेलं नाही. पण मला पटलं.

आता शिकण्याचं सांगते, कारण करून बघायचं असेल तर तुम्हाला ते लागेल. माती चाळून दोन दिवस भिजत घालायची. मळताना काकी त्यात चाळलेली राख आणि भाताचा कोंडा घालतात, म्हणजे भाजताना वाफेला वाट मिळते. जुन्या फुटक्या मडक्याचं बूड पालथं घालून त्यावर पहिला थर थापायचा. माझ्या मनात नाभिरायांचा हत्ती आलाच. मग चकलीच्या जाडीच्या वळ्या करायच्या, एकावर एक ठेवायच्या, प्रत्येक सांधा आतून-बाहेरून बोटानं पुसून एकजीव करायचा. एका दिवसात चार बोटांपेक्षा जास्त चढवायचं नाही, नाहीतर खालचं बसतं. रात्रभर ओल्या फडक्यात. दुसऱ्या दिवशी आतून हातात दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं. भिंत पातळ होते, मजबूत होते, आणि आवाज बदलतो. काकी बघत नाहीत, ऐकतात.

तोंडाला सुरुवात झाली तेव्हा काकींना भारी मजा वाटली. गाल बाहेरून चिकटवायचे नाहीत, आत दोन बोटं घालून हळूहळू बाहेर ढकलायचे. डोळ्याची पापणी म्हणजे करंजीची कड, तशीच दाबायची. कान आणि नाक जिथं लावायचं तिथं काडीनं रेघा मारायच्या, मातीची पातळ लापशी लावायची, मग जोडायचं. मी नाक छान धारदार केलं, आण्णांसारखं. काकी म्हणाल्या, "वैनी, नाक आतनं पोकळ करा." मी म्हटलं, इतकं छान जमलंय, आता हलवायला नको.

सावलीत दहा दिवस वाळवलं. वैशाखात भट्टी लावली. शेणी, पेंढा, मध्ये भांडी, वर खापऱ्या आणि राखेचा थर. पावसाळ्यात आमच्याकडं आवा लागत नाही, ओल्या सरपणावर काय भाजणार? म्हणजे कुंभाराचा आवा आणि मुनींचा विहार दोन्ही चातुर्मासात थांबतात. शेणी रचण्याआधी मी एकेक उलटून झटकली. काकींचा वेळ गेला, पण त्या हसल्या नाहीत, नातीला हाक मारून माझ्या मदतीला बसवलं.

सकाळी राख उपसली तर तोंडाला नाक नव्हतं. भरीव मातीतली ओल वाफ होऊन बाहेर पडायला बघते, वाट मिळाली नाही की उडवून देते. मी म्हटलं, जाऊ दे काकी, नशीब. काकी चिडल्या. "नशीब कसलं वैनी? सांगितल्यालं ऐकलं न्हाईसा."

आणि मला सद्दालपुत्र आठवला. 'उपासकदशांग' या श्वेतांबर आगमात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत, त्यातला हा पोलासपूरचा कुंभार. गावाबाहेर ५०० दुकानं, आणि मत आजीविकांचं, म्हणजे सगळं नियतीनं ठरलेलं, माणसाच्या प्रयत्नाला अर्थ नाही. महावीर त्याच्या वाळत घातलेल्या भांड्यांकडं बघून विचारतात, ही प्रयत्नानं झाली की प्रयत्नावाचून? तो म्हणतो, प्रयत्नावाचून, सगळं ठरलेलंच असतं. मग उद्या कुणी येऊन ही फोडली तर? सद्दालपुत्र म्हणतो, त्याला झोडपीन! मग दोष कुणाचा, नियतीचा की त्याचा? कुंभार निरुत्तर होतो आणि श्रावक होतो.

माझी दुसरी अडचणही याच ग्रंथात सापडते. श्रावकानं करू नयेत अशा पंधरा धंद्यांची यादी त्यात आहे, आणि पहिलं अंगारकर्म, आगीवर चालणारं काम. हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त तर कुंभाराचं नाव घेऊन ते सांगितलंय. पृथ्वीकाय खणायची, अग्निकाय पेटवायचा, हे खरंच आहे, मी राख झटकत असताना ते विसरले नव्हते. पण त्याच ग्रंथात आदर्श म्हणून निवडलेल्या दहा जणांत एक कुंभार आहे. ज्याच्या मडक्यातलं पाणी आपण गाळून पितो, त्याला आपण हिंसेच्या धंद्यातला म्हणायचं आणि स्वतः हात स्वच्छ ठेवायचे, हे मला पूर्वीही पटत नव्हतं. आता तर अजिबात पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी कुंथलगिरीच्या यात्रेहून परतताना आम्ही वाट वाकडी करून तेरला गेलो होतो. गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिनच्या बाहुल्या आहेत, पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून पोकळ काढलेल्या, केसांची नक्षी दिसेल इतक्या रेखीव. एजफिल्डचे दात ज्या मातीचे तीच जात. तेव्हा मी त्यांच्याकडं नुसतंच बघितलं होतं. आता कळतं, त्या पोकळ होत्या म्हणून दोन हजार वर्षं नाकासकट राहिल्या. आणि गोरोबाकाकांची ती गोष्ट, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं ते पारखतात आणि नामदेव रागावतात, ती मी आजवर अहंकाराची गोष्ट म्हणून ऐकली होती. काकींना विचारलं, खरंच कळतं का आवाजावरून? त्यांनी माझं बिननाकाचं तोंड उचललं, कपाळावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली. ठण्ण वाजलं. "पक्कं हाय. नाक गेलं, डोस्कं पक्कं."

दुसरं तोंड पोकळ नाकाचं केलं. ते भट्टीतून काढताना काकींनी तापलेलं असतानाच भाताच्या कोंड्यात दाबलं, धुरानं काळंभोर झालं. आता बांधावर आहे. काकींनी बजावलंय की दर चार दिवसांनी जागा बदला, डुकरं शहाणी असतात. आण्णा रोज संध्याकाळी डबे बडवत एक फेरी मारतात ती वेगळीच. भात अजून पोटरीला यायचंय.

बिननाकाचं काय करायचं यावर पुन्हा अबोला होईल असं वाटलं होतं. मी उकिरड्याकडं नेत होते. आक्कांनी हातातून काढून घेतलं, धुतलं, आंब्याखालच्या दगडावर ठेवलं आणि गाळलेलं पाणी भरलं. चिमण्या आणि बुलबुल त्याच्या कानावर बसून पाणी पितात. रोज सकाळी बस्तीतून आल्यावर आक्का ते पाणी बदलतात, आणि बदलताना त्याच्याशी काहीतरी बोलतात. काय ते मी विचारलेलं नाही.